नवा कॉम्प्युटर घेताना: रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क आणि जीबी-टीबीचे आकडे कसे वाचायचे

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलात की पहिल्या पाच मिनिटांत कानावर एवढं पडतं: आय फाइव्ह, आठ जीबी, पाचशे बारा, एनव्हीएमई, डीडीआर फोर. दुकानदार दिवसभर हेच बोलत असतो, त्यामुळे हे कुणाला समजत नसेल असं त्याच्या डोक्यात येत नाही. घेणारा मान हलवतो आणि शेवटी किंमत आणि रंग बघून ठरवतो. मग घरी गेल्यावर मशीन अडखळतं, फोटो मावत नाहीत, किंवा ‘एक टीबी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर ९३१ हा आकडा दिसतो आणि फसवल्यासारखं वाटतं.

मी शाहूपुरीतल्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करतो. नातेवाईक, गल्लीतली पोरं, कागल-गडहिंग्लजकडून शिकायला आलेली मुलं, अशांच्या बरोबर खरेदीला जाणं हे आता माझ्याकडे लागलंय. त्या सगळ्यांना मी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो: यातला कुठलाही आकडा विश्वासावर घ्यायची गरज नाही. मशीन चालू करून तो स्क्रीनवर बघता येतो आणि बिलावर लिहून घेता येतो. बघायचं कुठे, एवढं माहीत असलं की झालं.

निघण्यापूर्वी हाताशी ठेवा

- कामाची यादी: टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), टायपिंग, ऑनलाइन क्लास, ऑटोकॅड, व्हिडिओ एडिटिंग, जे असेल ते कागदावर
- जुनं मशीन असेल तर त्याच्या मॉडेल नंबरचा फोटो (लॅपटॉपच्या पाठीवर स्टिकर असतो)
- रिकामा पेनड्राइव्ह
- चार्ज केलेला फोन, स्क्रीनचे फोटो काढायला
- धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी नंबर, म्हणजे तो बिलावर घालून घेता येतो

१. आधी माप समजून घ्या

कॉम्प्युटरमधलं सगळ्यात लहान माप म्हणजे बिट: शून्य किंवा एक. ८ बिट म्हणजे १ बाइट. पुढे दर पायरीला साधारण हजारपट: केबी, एमबी, जीबी, टीबी. हजार केबी म्हणजे एक एमबी, हजार एमबी म्हणजे एक जीबी, हजार जीबी म्हणजे एक टीबी.

अंदाज यावा म्हणून: फोनवर काढलेला फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. परीक्षेच्या किंवा स्कॉलरशिपच्या ऑनलाइन फॉर्मवर फोटो ५० केबीपेक्षा लहान मागतात. म्हणजे तुमचा फोटो मागितल्यापेक्षा साठपट तरी मोठा आहे. ‘फोटो अपलोड होईना’ म्हणून शेवटच्या दिवशी सेवा केंद्रात रांग लागते, त्यातल्या बऱ्याच जणांचा घोळ एवढाच असतो. फोटोची साइज कमी करायची आणि पुन्हा टाकायचा.

दुसरा घोळ वेगाचा. नेटचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. तुमच्याकडे १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) ब्रॉडबँड असेल तर सेकंदाला १०० एमबी उतरणार नाहीत. आठने भागायचं, म्हणजे साडेबारा. एक जीबीची फाइल उतरायला ८० सेकंद लागले तर तुमचं नेट अगदी ठीक चाललंय, केबलवाल्या पोराला फोन करायचं कारण नाही.

२. पेटीच्या आत काय काय आहे

डेस्कटॉपच्या ज्या उभ्या पेटीला सगळे ‘सीपीयू’ म्हणतात ती खरं तर कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली बसलेली चौकोनी चिप. दुकानात ‘सीपीयू दाखवा’ म्हटलं तरी चालतं, पण दुरुस्तीला देताना हा फरक ध्यानात ठेवा. ‘सीपीयू गेलाय’ असं ऐकलं तर नेमकं काय गेलंय ते विचारा. पुष्कळदा गेलेला असतो तो एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, आणि तो प्रोसेसरच्या मानाने खूप स्वस्त असतो.

मदरबोर्ड हा सगळे भाग जोडणारा मोठा सर्किट बोर्ड. त्यावर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, नंबर सीआर२०३२, तीन व्होल्टची. रोज सकाळी कॉम्प्युटर चुकीची तारीख दाखवत असेल आणि वेबसाइटी उघडताना ‘सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर बहुतेक वेळा ही बॅटरीच उतरलेली असते. घड्याळाच्या दुकानातही मिळते.

ग्राफिक कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग: टॅली, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन क्लास यांना वेगळं लागत नाही, प्रोसेसरमधलंच पुरतं. उद्यमनगरातल्या कारखान्यांसाठी पॅटर्न किंवा डाय, म्हणजे साच्यांच्या डिझाइनचं थ्रीडी काम करणार असाल, किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणार असाल, तर मात्र लागतं. यावर दुकानदारापेक्षा ते काम रोज करणाऱ्या माणसाला विचारा. कुठलं सॉफ्टवेअर कुठल्या कार्डावर नीट चालतं ते त्याला नेमकं माहीत असतं.

३. ‘आय फाइव्ह’ ऐकून थांबू नका

सेकंडहँड बाजारात सर्वांत जास्त फसगत इथे होते. “आय फाइव्ह हाय, सोळा जीबी हाय, बघायचं कामच न्हाई,” असं सांगतात. पण इंटेलचा आय५ २०११ सालीही होता आणि त्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिला. नावापुढचा आकडा बघायचा. आय५-२४०० म्हणजे दुसरी जनरेशन, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१२४०० म्हणजे बारावी. चार आकडी असेल तर पहिला अंक म्हणजे जनरेशन; पाच आकडी असेल, किंवा चार आकडी असून १ने सुरू होत असेल (आय५-१२३५यू म्हणजे बारावी), तर पहिले दोन. बाराव्या जनरेशनचा आय३ हा दुसऱ्या जनरेशनच्या आय५ला सहज मागे टाकतो.

जनरेशनला आता आणखी एक महत्त्व आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी दिलीय ती इंटेलच्या बाबतीत बहुतेक आठव्या जनरेशनपासून सुरू होते, आणि शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. सहाव्या-सातव्या जनरेशनचे कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप बाजारात स्वस्तात दिसतात ते यामुळेही. त्यावर कुणी विंडोज ११ ‘बसवून देतो’ म्हणालं तर ते अधिकृत यादीबाहेरचं आहे हे समजून घ्या. बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार ज्या मशीनवर करायचे ते तरी असं घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

एएमडीचे रायझन प्रोसेसर चांगलेच आहेत. तिथेही ‘रायझन ५’ एवढ्यावर न थांबता पुढचा पूर्ण नंबर लिहून घ्या.

४. रॅम आणि स्टोरेज: दोन्ही जीबीतच, पण काम वेगळं

नवख्या माणसाची खरी अडचण ही. ‘मेमरी किती?’ या प्रश्नाला कुणी आठ म्हणतं, कुणी पाचशे बारा, आणि दोघंही बरोबर असतात. आठ ही रॅम, पाचशे बारा हे स्टोरेज.

मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितले असतील तर हे लगेच कळेल. सौद्याला गुळाचे रवे (ढेपा) ओळीने मांडायची जागा म्हणजे रॅम, आणि मागचं गोदाम म्हणजे स्टोरेज. मांडायची जागा अपुरी असली तर गोदाम कितीही मोठं असो, हमालांना सारखी ने-आण करावी लागते आणि सौदा रेंगाळतो. सौदे उरकले की जागा रिकामी; वीज गेली की रॅमही तशीच रिकामी होते. म्हणून टाइप केलेलं सेव्ह केलं नसेल आणि लाइट गेली, तर ते गेलं. सेव्ह करणं म्हणजे रॅममधलं स्टोरेजवर नेऊन ठेवणं.

किती घ्यावी? विंडोज ११ची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर काम करणं म्हणजे रोजचा त्रास. टायपिंग, टॅली, क्लास यांना ८ जीबी. ब्राउझरच्या वीस खिडक्या उघड्या ठेवायची सवय असेल, किंवा मशीन पाचेक वर्षं वापरायचं असेल, तर १६.

रॅमच्या पिढ्या असतात: डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पट्टी हातात घेऊन बघा, खालच्या सोनेरी दातांच्या ओळीत एक खाच असते. ती बरोबर मध्यभागी नसते, थोडी बाजूला असते, आणि दर पिढीत तिची जागा बदललेली आहे. चुकीची पट्टी खाचेवर अडते. अडली तर दाबू नका. लॅपटॉपची पट्टी डेस्कटॉपच्या निम्म्याएवढी असते, तिला एसओ-डिम म्हणतात. जुन्या मशीनला रॅम वाढवायची असेल तर आतली पट्टी काढून तिच्यावरच्या स्टिकरचा फोटो घ्या. त्यावर जीबी, पिढी आणि वेग तिन्ही छापलेलं असतं. तो फोटो दाखवला की दुकानात दोन मिनिटांचं काम.

नवा पातळ लॅपटॉप घेताना एक प्रश्न नक्की विचारा: “रॅमला मोकळा स्लॉट आहे का, की बोर्डवर सोल्डर केलेली आहे?” सोल्डर केलेली असली आणि स्लॉट नसला तर ती कधीच वाढवता येणार नाही, मग पहिल्यांदाच १६ घ्या.

५. हार्ड डिस्क, एसएसडी, एनव्हीएमई

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या तिला, आणि तिच्यात मावत होतं ते आजच्या फोनवरच्या एखाद्या फोटोएवढं. तबकडी फिरते आणि एक बारीक सुईसारखा हात तिच्यावरून माहिती वाचतो, ही रचना आजही तीच आहे. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. म्हणून हार्ड डिस्क चालू असताना कॅबिनेट हलवू नये, लॅपटॉप आपटू नये. आतून खट्-खट् आवाज येऊ लागला तर त्याच क्षणी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे काढून घ्या. बाकी काही करत बसू नका.

एसएसडीत फिरणारं काही नाही, सगळ्या चिप. त्यामुळे आवाज नाही, धक्क्याची भीती कमी, आणि वेग कितीतरी जास्त. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते. साटा एसएसडी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, ५५०च्या आसपास. एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची, तिसऱ्या जनरेशनची (ही जनरेशन जोडणीची, प्रोसेसरची नव्हे) असेल तर ३५००पर्यंत, चौथ्या जनरेशनची ७०००पर्यंत जाते. पण रोजच्या कामात जो फरक जाणवतो तो हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर गेल्यावर. साटावरून एनव्हीएमईवर गेल्यावर टॅली काही सहापट पळत नाही. पैसे बेताचे असतील तर सर्वांत वेगवान एसएसडीच्या मागे लागू नका.

आता आकाराचा गुंता. साटा एसएसडी बहुधा २.५ इंची चपट्या डबीत येते, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कच्या मापाची. एम.२ ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी उघडी पट्टी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब. म्हणून तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं. लक्षात ठेवायचं ते हे: एम.२ हा आकार आहे, वेग नाही. एम.२ आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. दिसायला दोन्ही सारख्याच, पण स्लॉट एकाच प्रकाराचा असला तर दुसरी त्यात चालत नाही. खोक्यावर ‘एनव्हीएमई’ किंवा ‘पीसीआयई’ लिहिलंय की ‘साटा’, हे वाचा, आणि तुमच्या मॉडेलला काय चालतं ते दुकानदाराकडून आधी खात्री करून घ्या.

तुमच्याकडे सात-आठ वर्षांचा, हार्ड डिस्कवाला मंद लॅपटॉप असेल तर तो विकायच्या आधी एवढं करून बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीच काम चालू नसताना डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसतोय? मग आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घाला. त्यानंतर गरज वाटली तर रॅम. याच क्रमाने. उलट क्रमाने पैसे घातलेले लोक मी बरेच बघितलेत, आणि शेवटी एसएसडी घ्यावीच लागते. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबी केसिंग मिळतं, त्यात घातली की बाहेरून जोडायची डिस्क तयार.

६. ‘एक टीबी’ घेतली, ९३१च का दिसते?

यात दुकानदाराने काही कापून घेतलेलं नसतं. डिस्क बनवणारी कंपनी दर पायरीला १०००ने मोजते, विंडोज १०२४ने मोजते आणि तरीही पुढे जीबीच लिहिते. त्यामुळे १ टीबीची डिस्क ९३१ दिसते, ५१२ची ४७६, २५६ची २३८, आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साडेएकोणसाठच्या आसपास. १०२४च्या मोजणीला किबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं १९९८ सालीच ठरली होती, पण विंडोजने ती घेतली नाहीत. मॅकवर २००९पासून हजाराने मोजतात, म्हणून तीच डिस्क मॅकला लावली की १ टीबी दिसते.

लॅपटॉपवर हा आकडा आणखी थोडा कमी दिसेल. रिकव्हरीसाठी थोडी जागा कंपनीने बाजूला ठेवलेली असते, आणि विंडोज स्वतः बरीच जागा घेतं. २५६ जीबीच्या नव्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी चाळीसेक जीबी भरलेलं दिसलं तर घाबरू नका.

सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह यांबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे. ‘सी बिघडली तरी डीमधलं सुरक्षित’ असं लोक समजतात. बऱ्याच मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग पाडलेले असतात. विंडोज बिघडलं तर डीमधलं वाचतं हे खरं; डिस्कच बंद पडली तर दोन्ही गेले.

७. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: इथे डोळे उघडे ठेवा

काही शे रुपयांत ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह विकायला दिसला तर तो खोटा आहे. मोबाइलवरच्या जाहिरातींत असे फार दिसतात. आत चिप असते १६ किंवा ३२ जीबीची, फक्त कॉम्प्युटरला २ टीबी असं सांगायला शिकवलेली. तुम्ही फाइली टाकत जाता, त्या यादीत दिसतात, आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं वाया. लग्नाचे फोटो गेल्यावर हे कळून काय उपयोग? नवा पेनड्राइव्ह किंवा कार्ड आणलं की रिकामं असतानाच एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने तपासा. लिनक्सवर एफ३ आहे. ही सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून परत वाचून बघतात. ६४ जीबीच्या साध्या पेनड्राइव्हला दीड-दोन तास लागू शकतात, पण एकदाच करायचं असतं.

‘फाइल खूप मोठी आहे’ असा संदेश येतो आणि पेनड्राइव्हवर जागा तर मोकळी दिसते, हेही नेहमीचंच. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवताच येत नाही. आतलं सगळं आधी बाजूला काढा, कारण फॉरमॅटमध्ये ते पुसलं जातं, आणि मग एक्सफॅट निवडून फॉरमॅट करा.

यूएसबी २.०चा वेग ४८० एमबीपीएस, ३.०चा ५ जीबीपीएस. ३.०च्या खाचेत आत बहुधा निळी पट्टी दिसते. बाहेरची डिस्क तिथेच लावा. टाइप सी हा फक्त आकार आहे, त्यामागे वेग कुठलाही असू शकतो.

मेमरी कार्डावरची बारीक अक्षरंही वाचा. गोलातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०. कॅमेऱ्यात ४के व्हिडिओ काढायचा असेल तर व्ही३० बघून घ्या.

८. पैसे देण्यापूर्वी, मशीन चालू करून

दुकानात कितीही गर्दी असली तरी एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे आणि चांगला दुकानदार त्याला हरकत घेत नाही.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर टिचकी मारली की प्रोसेसरचा पूर्ण नंबर उजवीकडे वर दिसतो. मेमरीवर गेलात की एकूण जीबी, वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते. डिस्कवर गेलात की एसएसडी आहे की हार्ड डिस्क, आणि तिचं मॉडेल. तिन्हींचे फोटो काढा.

सेकंडहँड घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घरूनच घेऊन जा. बहुतेक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवतात. हे सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. किती तास चालली आहे ते बघा. ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर डिस्क बदलून द्यायला सांगा किंवा दुसरं मशीन बघा.

मग बिल. “बिल नको, जीएसटीचे अठरा टक्के वाचतील” असं सुचवलं जातं. ते पैसे वाचत नाहीत. डिस्क किंवा रॅम वॉरंटीत बिघडली की कंपनी पहिल्यांदा बिल मागते. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅमचे जीबी आणि पिढी, स्टोरेजचा प्रकार आणि जीबी, आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ‘लॅपटॉप – १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल परत द्या आणि नीट लिहून मागा. त्याचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, कारण छापील अक्षरं काही महिन्यांत उडतात.

डेस्कटॉप असेल तर यूपीएसही लगेच घ्या. साधा ६०० व्हीएचा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता वेळ देतो, त्यावर तासभर काम करायचं नसतं. घरी इन्व्हर्टर असला तरी त्याच्यावर यूपीएस मोड आहे का बघा. साध्या मोडवर लाइट गेल्या-आल्याच्या झटक्यात कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो. आणि एप्रिल-मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, ब्रॉडबँडच्या राउटरचाही. वीज त्या तारेतूनही येते.

९. दुसरी प्रत, आणि पंचगंगेचं पाणी

ज्या फाइलची एकच प्रत आहे ती तुमच्याकडे आज आहे, एवढंच. जगभर सांगतात तो नियम ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक घराबाहेर. कोल्हापुरात हे ‘घराबाहेर’ सर्वांत महत्त्वाचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये सखल भागातल्या दुकानांत आणि घरांत पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारच्या खणात ठेवलेली बॅकअप डिस्क, दोन्ही एकदमच पाण्यात गेले. उधारीच्या वह्या गेल्या आणि त्यांच्या बदली ठेवलेला टॅलीचा डेटाही गेला.

म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, दर आठवड्याला. दुसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत; टॅलीचा बॅकअप आणि कागदपत्रांची स्कॅन यांना फुकट मिळणारी जागाही पुष्कळ होते. फोटो-व्हिडिओ जास्त असतील तर आणखी एक डिस्क भरून उंचावरच्या भागातल्या किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि दिवाळी-उन्हाळ्यात गेलात की ताजी करा. बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. आणि बॅकअप घेतलाय एवढ्यावर समाधान मानू नका. कधीतरी त्यातली एक फाइल उघडून बघा.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरत असतात. तुमचं घर किंवा दुकान पाणी येणाऱ्या भागात असेल तर ३९ ओलांडल्याची बातमी आली की त्याच दिवशी शेवटचा बॅकअप घ्या, डिस्क प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून कागदपत्रांच्या पिशवीबरोबर ठेवा, कॅबिनेट माळ्यावर चढवा. घाईच्या वेळी संपूर्ण कॅबिनेट नेता येत नसेल तर आतली एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून नेता येते. ती कशी काढायची ते दुकानदाराकडून आधीच शिकून घ्या, दोन-चार स्क्रूंचं काम आहे.

तरीही मशीन भिजलंच तर काय करायचं? पहिली गोष्ट, वीज लावायची नाही. ‘चालू होतंय का बघूया’ म्हणून बटण दाबल्यावर जे जळतं ते परत येत नाही. बहुतेक हार्ड डिस्कवर हवेसाठी एक बारीक छिद्र असतं आणि शेजारी ते झाकू नका असं इंग्रजीत छापलेलं असतं. पुराचं गढूळ पाणी त्याच छिद्रातून तबकडीपर्यंत जातं, त्यामुळे वरून पुसून किंवा उन्हात ठेवून आतला गाळ निघत नाही, आणि तांदळाच्या डब्यात ठेवूनही नाही. तिचे स्क्रू उघडू नका. आतला डेटा हवा असेल तर डिस्क आहे तशी पिशवीत बांधून डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे द्या. त्याला सांगा: पाण्यात किती वेळ होती, त्यानंतर कुणी चालू करून बघितली का, आणि कुठल्या फोल्डरमधलं आधी हवंय. काम सुरू करायच्या आधी खर्च आणि किती फाइली मिळतील याचा अंदाज त्याच्याकडून लिहून घ्या.